काचेचं मागचं टोक

...आणि मग काय, दोघंही उठले! एकदम! नुसते उठले असते तरी निभावलं असतं. पण डावा पाय आधी, मग उजवा, असे एका तालात उठले, एका तालात चार पावलं चालले आणि दवाखान्याच्या खिडकीपुढे एकामागे एक उभे राहिले. खिडकीतल्या मुलीने "कार्ड नंबर अठ्ठेचाळीस सतरा!" असं पुकारलं होतं. कार्ड एक, आणि समोर माणसं दोन. दोघांनाही भरघोस मिशा.

मुलीने कार्डावरचा फोटो बघितला, या मिशा बघितल्या, त्या मिशा बघितल्या.

"यातले अठ्ठेचाळीस सतरा कोण?"

इथे मागच्याने "मी" म्हणायचं होतं. महिनाभर घरात तेच तर घोकून घेतलं होतं! पण बावीस वर्षांची सवय. तो छाती भरून ओरडला, "पुढचा!"

झालं. सगळा बेत पाण्यात.

काल जे मध्येच उठून गेले त्यांच्यासाठी थोडं मागे जायला हवं. पुढच्याला सगळे पुढारी म्हणायचे. आता पुढारी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे भाषण ठोकणारा, हार घालून घेणारा कुणी आला असेल, तर तो आधी पुसून टाका. हा माणूस जन्मात चार वाक्यं सलग बोलला नव्हता. काचेच्या वखारीत तो मोठ्या काचा वाहायचा आणि काचेचं पुढचं टोक त्याच्याकडे असायचं, म्हणून पुढारी. मागचं टोक ज्याच्याकडे, तो भोंगा. त्याचा आवाज असा, की तो गेटवर शिंकला तर आत कापणाऱ्याच्या हातातली पट्टी हलायची.

मोठी काच एकट्याने उचलता येत नाही. दोघं लागतात. काच उभी धरायची, खांद्यावरून पट्टा, हाताला चामडं, आणि पावलाला पाऊल जुळवून चालायचं. पुढच्याचं डोकं काचेला चिकटलेलं असतं, त्याला मान वळवता येत नाही. काचेची वरची कड कुठे अडते, शेपटाकडचा कोपरा कुठे घासतो, हे दिसतं फक्त मागच्याला. म्हणून वखारीचा नियम असा: चालायचं पुढच्याने, बोलायचं मागच्याने. "डावं", "पायरी", "थांब", "चल" आणि शेवटी "ठेव". मागचा "ठेव" म्हणाल्याशिवाय काच जमिनीला टेकवायची नाही, मग बाजूला साक्षात मालकीण का उभी असेना. कारण एक टोक आधी टेकलं की काच पोटातून फुटून जाते, आणि जाते तेव्हा ती पुढच्याच्या मानेवर जाते. दोघांनी दोन हुकूम दिले तरी तेच. त्यामुळे पुढारी बावीस वर्षं मूग गिळून चालत होता आणि भोंगा बावीस वर्षं बोंबलत होता. अशा जोडीत नवराबायकोपेक्षा कमी भांडणं होतात. एकाने बोलायचंच नाही म्हटल्यावर भांडणार कोण?

दोघं कामाला लागले तेही एकाच सकाळी. गेटवर रांग होती. भोंगा आधी आला होता, पण ऐन वेळी त्याच्या चपलेचा अंगठा तुटला. तो खाली बसला आणि मागच्या अनोळखी माणसाला म्हणाला, "तू हो पुढे, मी एवढं बघतो." तो अनोळखी माणूस म्हणजे आपला पुढारी. तो पुढे झाला, कारकुनाने त्याचं नाव कंपनीच्या वहीत लिहिलं, आणि त्या वहीचं पान भरलं. पान भरलं म्हणून कारकुनाने दुसरी वही ओढली. ती ठेकेदाराची होती. भोंग्याचं नाव तिच्यात गेलं.

काम तेच, काच तीच, पण एक कंपनीचा माणूस झाला आणि दुसरा ठेक्याचा. सुरुवातीला कुणाला काही जाणवलं नाही. मग कंपनीने आरोग्य विमा काढला. ऑफिसात बसणाऱ्यांना स्वतःसकट बायको, मुलं, आईवडील, वर दवाखान्यात वेगळी खोली. कंपनीच्या कामगारांना स्वतः आणि बायकामुलं, खोली चार जणांत. आणि ठेक्याच्या एकोणीस जणांना गेटवरची औषधाची पेटी! तिला कुलूप, कुलपाची किल्ली ऑफिसात, ऑफिस सहाला बंद. भोंगा म्हणायचा, "हात कापून घ्यायचा असेल तर साडेपाचच्या आत घ्या रे!"

हसायचे सगळे. हसण्यासारखंच होतं, जोवर काही होत नव्हतं तोवर.

एक दिवस पुढारी काच घेऊन एका दुकानात शिरत होता. मागून भोंग्याने हाक दिली, "चल, मोकळं आहे!" आणि डोक्यावर कर्रर्र. वरची कड चौकटीला घासली. फुटली नाही, पण पुढारीच्या पाठीतून गार पाण्याची धार गेल्यासारखं झालं. बावीस वर्षांत भोंग्याचा शब्द कधी खोटा पडला नव्हता. काच उतरवल्यावर त्याने पहिल्यांदा वळून भोंग्याकडे नीट बघितलं. भोंगा डोळे बारीक करून चौकटीकडे बघत होता. धुक्यात बस येते का बघावी, तसा.

"किती दिवस झाले?" पुढारीने विचारलं.

"उजव्याला वर्ष झालं. डावा आत्ताच सुरू झालाय. मोतीबिंदू आहे म्हणे." भोंगा प्रथमच हळू बोलला. "कुणाला बोलू नकोस. ठेकेदाराला कळलं तर संध्याकाळी गेटबाहेर उभा करेल मला."

तेव्हापासून पुढारीने एक नवीन काम लावून घेतलं. जिथे काच न्यायची, तिथे आधी जाऊन यायचं. पायऱ्या मोजायच्या, चौकटीची उंची वितीने मापायची, आणि चालताना भोंग्याची हाक आली तरी मनात आपली मोजणी चालू ठेवायची. त्याला वाटलं, भोंग्याला कळत नाही. भोंग्याला पहिल्याच दिवशी कळलं. मागून चालणाऱ्याला पुढच्याची पाठ वाचता येते. तो एवढंच म्हणाला, "पुढारी, माझा डोळा गेला की तुझी मान जाणार. आपण दोघं एकाच दवाखान्याची गिऱ्हाइकं आहोत. फरक एवढाच, की तुला आत घेतील."

ऑपरेशन भोंग्याच्या आवाक्यातलं नव्हतं. आणि पुढारीच्या कपाटात विम्याचं कार्ड कोरं करकरीत पडलेलं. त्याला साधी सर्दीसुद्धा धड होत नसे. कार्ड एकाकडे आणि मोतीबिंदू दुसऱ्याकडे!

यावर तोड काढली पुढारीच्या बायकोने. ती म्हणाली, "कार्डावरचा तुमचा फोटो कामाला लागलात तेव्हाचा, बावीस वर्षांपूर्वीचा आहे. त्यात आहे काय? दोन डोळे आणि एक मिशी. भावजींना मिशी वाढवायला सांगा."

भोंग्याने महिनाभर मिशी वाढवली. रोज संध्याकाळी ती त्याची उजळणी घ्यायची. जन्मतारीख काय, रक्तगट कोणता, बायकोचं नाव काय. बायकोच्या नावापाशी तो अडायचा.

"वहिनी, तुमचं नाव मी बायको म्हणून घ्यायचं? जीभ रेटत नाही हो."

"इतकी वर्षं माझ्या हातचं जेवलात, तेव्हा बरी रेटत होती!"

असा सगळा जय्यत बंदोबस्त करून दोघं दवाखान्यात गेले. पुढारी सोबत म्हणून. त्याने कोपऱ्यात बसून राहायचं होतं, बास. पण खिडकीतून नंबर पुकारला गेला आणि पाय उठले. एक उठला की दुसरा उठणारच, त्याला तेही काय करणार? पुढे काय झालं ते सांगितलंच.

मुलगी मात्र चांगली होती. तिने आरडाओरडा केला नाही. कार्ड खिडकीतून परत सरकवलं आणि म्हणाली, "काका, पुन्हा असं करू नका. आहे ते कार्डही रद्द होईल. तुमच्या कंपनीची विम्याची यादी दरवर्षी नवी होते. या महिनाअखेर सही आहे. यांचं नाव त्या यादीत घाला आणि मग खुशाल मिशी काढून या."

भोंग्याने त्याच संध्याकाळी मिशी उतरवली. पुढारी मात्र रात्रभर... नाही, रात्रभर तो छान झोपला. पण सकाळी उठला तो ठरवून उठला, की यादीसाहेबांना भेटायचं.

यादीसाहेब म्हणजे कामगारांच्या याद्या ठेवणारे अधिकारी. पोट एवढं, की खुर्चीत बसल्यावर टेबल आपोआप पुढे सरकायचं. पुढारी त्यांच्यापुढे उभा राहिला आणि बऱ्याच वर्षांतलं सगळ्यात लांब वाक्य बोलला. "साहेब, भोंग्याचं नाव विम्यात घाला."

"ठेकेदाराची माणसं आपली नाहीत."

"काच तर आपली आहे ना?"

"काचेचा वेगळा विमा आहे."

पुढारीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काचेचा?"

"मग! वाहताना फुटली तर भरपाई मिळते."

पुढारी बाहेर आला आणि वखारीच्या मधोमध थांबला. डोक्यात चित्र लख्ख उभं राहिलं. पुढचा माणूस विम्याचा. मधली काच विम्याची. आणि मागच्या टोकाला जो सगळं सांभाळतो, तो तेवढा वाऱ्यावर! जाऊन त्याने हे भोंग्याला सांगितलं. भोंगा इतका हसला, इतका हसला, की डोळ्यांतून पाणी आलं. "अरे म्हणजे मी काच झालो असतो तर बरं झालं असतं!"

सहीचा दिवस आला. आणि योग बघा! मालकीणबाईंच्या केबिनमध्ये नवीन काचेची भिंत बसायची होती, तीही त्याच दिवशी. विमेवाला येणार, केबिन झकास दिसली पाहिजे, म्हणून यादीसाहेबांनीच घाई केली होती. वखारीतली सगळ्यात मोठी काच काढली. ती दारापेक्षा जेमतेम चार बोटं लहान. अशी काच उचलायची जोडी एकच.

केबिनमध्ये मालकीणबाई टेबलामागे, त्यांच्यासमोर विमेवाला, त्याच्या शेजारी यादीसाहेब, मध्ये यादी आणि पेन. पुढारी दारातून आत आला. निम्मी काच आत आली. निम्मी बाहेर, बरोबर उंबऱ्यावर, आणि पॅसेजमध्ये भोंगा.

"थांब!" भोंगा ओरडला.

पुढारी थांबला. एक क्षण गेला, दोन गेले. पुढचा हुकूम येईना. पुढारीने आदल्या दिवशी चौकट मापली होती, पण काच जमिनीपासून किती उचलली आहे ते त्याला दिसत नव्हतं. एक बोट वर झालं की संपलं.

मग भोंग्याचा आवाज आला. भोंग्यासारखा नाही, माणसासारखा. "मला वरचं दिसत नाही रे. खोटं सांगू शकत नाही. तुझी मान आहे तिथे."

"दिसत नाही म्हणजे?" यादीसाहेब उठले. "मग इतके दिवस काय झोपेत काच वाहत होतास? उद्यापासून येऊ नकोस! ठेकेदाराला सांगतो, दुसरा पाठवेल. ए पुढारी, ठेव ती काच खाली!"

पुढारी हलला नाही.

"अरे ठेव ना," मालकीणबाई म्हणाल्या.

आता ऐका! ज्या माणसाने बावीस वर्षं काच खांद्यावर असताना ब्र काढला नव्हता, तो बोलायला लागला. मान वळवता येत नव्हती, म्हणून समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरशीच बोलला.

"बाई, उंबऱ्यावर काच ठेवली तर पोटातून जाईल. आणि ठेव म्हणायचं काम मागच्याचं. तुमचं नाही, साहेबांचं नाही, माझंही नाही. मागच्याला मोतीबिंदू आहे. ऑपरेशन झालं असतं तर एव्हाना काच भिंतीत बसली असती. ते झालं नाही, कारण तो तुमच्या समोरच्या कागदात नाही. मी आहे. मला काय झालंय? काही नाही. ही काचसुद्धा विम्यात आहे. मागचा तेवढा नाही. आणि मी चालतो ते त्याच्या डोळ्यांनी."

यादीसाहेब बाहेर पळून ठेकेदाराला आणायला निघाले, पण दार आधीच अरुंद, त्यात मधोमध काच. कडेने निघायचं तर पोट केबिनमध्ये ठेवून जावं लागलं असतं. ते मुकाट्याने परत बसले.

तेवढ्यात विमेवाल्याने चष्मा लावला. "एक मिनिट. हा मागचा माणूस यादीत नाही? बाई, काचेच्या विम्यात स्पष्ट लिहिलंय, उचलणाऱ्या दोघांचीही नावं कामगारांच्या विम्याच्या यादीत हवीत. नाहीतर काच फुटली तरी भरपाई नाही."

"म्हणजे इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं तुमच्या काचा फुटल्या नाहीत, हे तुमचं नशीब."

"नशीब नाही," पुढारी कॅलेंडरला म्हणाला. "भोंगा."

मालकीणबाईंनी यादीसाहेबांकडे अशी नजर टाकली, की त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मग पेन त्यांच्याकडे सरकवलं. "लिहा. ठेक्याचे किती जण आहेत? सगळे लिहा. नावं सांग रे, मागच्या!"

मग काय विचारता! भोंग्याला कंठ फुटला. काचेपलीकडून एकेक नाव असं आलं, की केबिनची खिडकी थरथरली. "टोपी! पावशेर! मोठा जावई! धाकटा जावई! गप्प्या!"

"अरे खरी नावं सांग!" यादीसाहेब कळवळून ओरडले.

"खरी कुणाला माहीत! बावीस वर्षांत कुणी विचारली नाहीत! तुम्ही लिहा, नंतर वहीतून बघून घ्या!"

पुढारीच्या दंडाला कळ लागत होती. पट्टा खांद्यात रुतला होता. आणि तरी, बायकोला नंतर सांगितलं त्याने, इतका आनंद त्याला लग्नातसुद्धा झाला नव्हता. बायको म्हणाली, "ते लग्नातच दिसत होतं."

"अठरा!" यादीसाहेबांनी घाम पुसला. "ठेक्याचे तर एकोणीस आहेत. एकोणिसावा कोण?"

पलीकडे भोंगा विचारात पडला. सगळे सांगितले की! टोपी झाला, पावशेर झाला, दोन्ही जावई झाले...

तेव्हा पुढारीने नियम साफ मोडला. काच खांद्यावर असताना तो गळ्याच्या शिरा ताणून ओरडला, "भोंगा! अरे गाढवा, तू स्वतः!"

मालकीणबाई खो खो हसल्या. नाव लिहिलं. सही झाली. शाई वाळली की नाही, हे विमेवाल्याने फुंकर मारून बघितलं. मग भोंग्यानेच त्याला कामाला लावलं. "चष्मेवाले, खुर्चीवर चढा. वर किती मोकळं आहे ते तुम्ही बघा. बोलेन मी!"

विमेवाला बुटांसकट खुर्चीवर चढला. "दोन बोटं!"

"दोन बोटं मोकळं! चल... चल... डावं... थांब... ठेव!"

दोन्ही टोकं एकाच वेळी टेकली. टुप्. तो आवाज ऐकला आणि केबिनमधल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

पुढच्याच महिन्यात भोंग्याचं ऑपरेशन झालं. खिडकीत तीच मुलगी होती. तिने विचारलं, "मिशी कुठे गेली?" पट्टी काढली तेव्हा पुढारी नेमका पाठमोरा उभा राहून पाण्याची बाटली भरत होता. भोंगा खाटेवर उठून बसला आणि किंचाळला, "अरे, तुला टक्कल पडलंय! कधी पडलं? रोज डोळ्यांपुढे होतं आणि मला पत्ताच नाही!"

सगळं काही बरोबर झालं असं नाही, तेही सांगून टाकतो. ऑफिसवाल्यांचे आईवडील अजून विम्यात आहेत, वखारवाल्यांचे नाहीत. पुढारीच्या आईचे गुडघे अजून घरच्या तेलावर चालतात, आणि ती लेकाला रोज विचारते, आता माझ्यासाठी कुठली काच अडवतोस? औषधाच्या पेटीचं कुलूप तेवढं गेलं. चोरीला गेलं म्हणतात. भोंग्याला विचारा.

पुढे पुढारी निवृत्त झाला. निरोपाच्या दिवशी सगळी वखार जमली. भोंगा सवयीने त्याच्या मागेच उभा. मालकीणबाई म्हणाल्या, "पुढारी, आता खरं सांग. त्या दिवशी मी सही केलीच नसती, तर किती वेळ काच धरून उभा राहिला असतास?"

पुढारीने जरा विचार केला, मान वळवून मागे भोंग्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "ते मला काय विचारता बाई, ह्याला विचारा. हा ठेव म्हणाला नसता, तर तुम्ही आज निरोप द्यायला त्या दारातच आला असता."